जिती मोहरी

फडक्याची कड उचलून सोनाबाईने नवऱ्याच्या पावलाकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं,

"झोंबतंय का?"

"नाय," नागू म्हणाला.

"जरापण नाय?"

"नाय गं. झोंबलं तर सांगंन ना."

तो अंगणातल्या बाजेवर बसला होता, डावा पाय पाटावर पुढे ठेवून. कानावर बिडी होती, पण ती पेटवायची वेळ अजून आली नव्हती. सोनाबाईच्या लेपाचा कायदाच तसा होता. मोहरीचा लेप लावायचा आणि गुमान बसायचं. झोंबायला लागलं की माणसाने सांगायचं, मग बिडी पेटवायची. बिडी संपली की लेप काढायचा, वर एक झुरकासुद्धा नाही. दुखणारीण बाईमाणूस असली की सोनाबाई नागूलाच शेजारी बसवून बिडी ओढायला लावी. गावच्या गुडघ्यांपायी नागूची छाती गेली, अशी लोधिवलीत थट्टा होती.

चाळीस वर्षं ती लेप लावत होती. भाताच्या आवणीने मोडलेल्या कमरा, छातीत धरलेला कफ, लचकलेले घोटे, सगळं तिच्या ओट्यावर येऊन गेलं. डोंगराखालच्या वाडीतली माणसंही येत. एवढ्या माणसांत कुणाच्या अंगावर तिने फोड येऊ दिला नव्हता. फोड काय असतो ते तिला ठाऊक होतं, कारण तिच्या आईने ही विद्या शिकवताना तिच्याच मांडीवर दोन बिड्यांचा लेप मुद्दाम ठेवला होता. रुपयाएवढा गोल डाग अजून होता, मध्ये फिक्कट आणि कडेने तांबूस. तेवढा धडा तिला जन्माला पुरला.

आईने आणखी एक शिकवलं होतं. मोहरी कोरडी असते तोवर मुकी असते. हातात घ्या, तोंडाजवळ न्या, तिच्यात काही नाही. वाटून तिच्यावर गार पाणी पडलं की ती जिती होते. मग ती नाकात चढते, डोळ्यांतून पाणी काढते, कातडीला चावते आणि चावली तिथे रक्त धावत येतं. लोणच्यात ती जिती असली की बुरशीची बिशाद नाही. पण पाणी गरम घातलं तर ती जागच्या जागी मरते. फोडणीत ती एवढी तडतडते, पण झोंबते का कुणाला? नाही. तापली की मेली.

आणि आता ही इथे झोंबत नव्हती. सोनाबाईला राग आला, आणि राग आला की तिला तो ठेवायला जागा लागायची. ती जागा ओटीवर उभी होती. सून संजना, नेरळची, बारावी झालेली, लग्नाला दोन वर्षं. मोहरी तिनेच वाटून आणली होती, आणि तीही मिक्सरमध्ये.

"पाणी गरम घातलंस काय गं?"

"नाही आई. माठातलं घातलं."

"मग मिक्सर तापला. तरी म्हनलं व्हतं, पाट्यावर वाट. पण पाट्यावर बसायला तुमच्या कमरा मोडतात ना. मारलीस मोहरी."

संजना काहीतरी बोलणार होती. सोनाबाईने बोलूच दिलं नाही. झोंबत नाय ते समोर दिसतंय, हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणून तिने फडकं ओढून काढलं, पाऊल धुतलं आणि उरलेल्या मोहरीची वाटी सुनेच्या हातात दिली. संजना ती वाटी घेऊन आत गेली.

खरं तर हे सगळं आदल्या महिन्यापासून चाललं होतं. पौषाची थंडी पडली तसे नागूचे पाय गार पडायला लागले. मुंग्या येतात म्हणाला, मग बधिर वाटतात म्हणाला. साखरेची गोळी त्याला आठ वर्षं होती, पण ती गोळी म्हणजे त्याच्या लेखी पाव्हणी. आली तर आली. पाय गार म्हणजे रक्त फिरत नाही, रक्त फिरत नाही म्हणजे मोहरी, हे सोनाबाईला सरळ दिसत होतं. वाल काढणीला आला होता. भातकापणीनंतर त्याच ओलीवर वाल पेरायचा आणि माघात उपटायचा, हे नागू दहा वर्षांचा असल्यापासून करत आला होता. आज डावा पाय, उद्या उजवा, आणि चार दिवसांत म्हातारा बांधावर, असा तिचा हिशेब होता. त्याचाही तोच होता. कमलेश, त्यांचा मुलगा, खोपोलीच्या बाजूला कंपनीत पाळ्या करायचा, त्याला शेतातलं कळत नव्हतं. नागूचे पाय चालले तरच शेत चालणार होतं.

सोनाबाईने पाटा धुतला. चौक गावच्या बाजारातून आणलेली मोहरी मूठभर टाकली, थोडी जास्तच टाकली, आणि विहिरीचं ताजं पाणी घेऊन वरवंट्याखाली रगडायला बसली. दोन-चार हात फिरले असतील नसतील, तोच नाकात झणका बसला. डोळ्यांतून धारा लागल्या. बोटांची टोकं चुरचुरू लागली, नखांच्या मुळांशी तर विंचवाने नांगी मारावी तशी. तिने पदराने डोळे पुसले.

"आता बघू कशी नाय झोंबत," ती स्वतःशीच म्हणाली.

लेप तिने जाड दिला. तळव्यापासून बोटांच्या सांध्यापर्यंत थापून वर ओलं फडकं गुंडाळलं आणि गाठ मारली. मग ती समोर बसून राहिली. उन्हं अंगणात मधोमध आली होती. नागू गाठीकडे बघत होता, ती नागूच्या तोंडाकडे.

"आलं काय?"

"येल. तू जा शेताव. आलं की हाक मारतो."

गार पायाला उशीर लागणारच, असं तिने मनाला समजावलं. माणसाला झोंबल्याबिगर राहील का? लहान पोराला जेवढं कळतं तेवढं तर नागूला कळेल. तिने विळा घेतला, टोपली घेतली आणि निघाली.

बांधावरच्या खैरापाशी ती क्षणभर थांबली. पंधरवड्यामागे तिथेच तिला नागूची डाव्या पायातली चप्पल सापडली होती. गडी एक पाय चपलेत नि एक अनवाणी असा घरापर्यंत चालत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. तिने ती चप्पल घरी नेऊन त्याच्यापुढे नाचवली होती, म्हातारपणी पायातलं सांभाळत नाय, मला काय सांभाळशील, म्हणून दोघं पोट धरून हसली होती. आता ती हसली नाही. विळा काखेत मारून तशीच पुढे गेली.

तीन वाजून गेले असतील, संजना बांधावर येऊन उभी राहिली. उन्हातून घाईने आल्यामुळे तिला धाप लागली होती. एक हात तिने पदराखाली धरला होता.

"आई, ती मोहरी..."

"वरडले काय ते?" सोनाबाईने वाकल्या वाकल्याच विचारलं.

"नाही. मी विचारलं बाबांना, सोडू का म्हणून. ते म्हणाले, नाय झोंबत अजून, तिनं बांधलंय, ती सोडंल. पण आई, ती सकाळची मोहरी मी..."

"झोंबलं नाय ना? मग कशाला आलीस?"

संजना उभी राहिली. सोनाबाईने शेंगांची मूठ टोपलीत टाकली आणि पुढच्या वेलाला हात घातला. सून अजून तिथेच आहे हे तिला सावलीवरून दिसत होतं. सकाळी एवढी बोलणी खाल्ली आणि आता आपलीच मोहरी चांगली होती हे पटवायला एवढ्या लांब आली, असं तिला वाटलं. ती आणखी दोन वेल पुढे सरकली. मान वर केली तेव्हा सावली नव्हती.

ती घरी आली तेव्हा उन्हं कौलांवर चढली होती. नागू बाजेवर तसाच बसला होता. बिडी कानावर तशीच होती.

तिने गाठ सोडली. फडकं एका जागी चिकटलं होतं म्हणून तिने जरा ओढलं, आणि फडक्याबरोबर कातडी आली. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी अलगद आली. खालून लाल मांस आणि बाजूला पाण्याने भरलेले टरटरीत फोड. नागू वाकून त्या पावलाकडे बघत होता, जसं काही ते शेजाऱ्याचं आहे.

"झोंबलं नाय गं," तो म्हणाला. "खरंच सांगतो, नाय झोंबलं."

संजना धावत कळशी घेऊन आली आणि त्या पायावर पाणी ओतत राहिली. सोनाबाई बाजूला सरली होती. भीती एवढी मोठी होती की तिला ती एकटीने धरवेना.

"पैली मोहरी मारली नसतीस," ती सुनेला म्हणाली, "तर मला ही एवढी कडक करावी लागली नसती."

संजनाच्या हातातलं पाणी क्षणभर थांबलं. मग पुन्हा पडू लागलं.

एकदा तोंडातून निघालेली गोष्ट. ती कमलेश पाळीवरून आला तेव्हा त्याला सांगितली गेली. तो बायकोवर डाफरला, पाट्यावर वाटायला काय झालं होतं तुला, म्हणून. शेजारच्या पारूला सांगितली गेली, आणि पारूला सांगितली म्हणजे चौकच्या नाक्यापर्यंत सांगितली. सुनेनं मोहरी मारली म्हणून सासूला दुप्पट लावावी लागली, असं लोक म्हणू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, पण त्या घरात तेव्हा ही म्हण म्हणणारं कुणी नव्हतं. संजना गप्प राहिली. माहेरी फोन करतानासुद्धा ती परसात जाऊन बोलायची.

पायाला हळद लावली, खोबरेल लावलं, कसला पाला बांधला. डॉक्टरकडे नेऊ या, असं संजनाने दोनदा सुचवलं. आता तू शिकव मला, असं सोनाबाईने दोनदा सुनावलं. नागूला दुखत नव्हतं, हीच सगळ्यात मोठी फसवणूक होती. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असं सोनाबाई धरून चालली. नागूही तसंच धरून चालला. दहाव्या दिवशी अंगठा काळा पडलेला दिसला आणि घरात वास सुटला. त्या सकाळी संजनाने कुणाला न विचारता रिक्षावाल्या जगदीशला फोन केला. तो दारात येऊन उभा राहिल्यावर मग कुणी अडवलं नाही.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरीण पोरसवदा होती. तिने पाऊल पाहिलं. मग एक बारीक नायलॉनचा दोरा घेऊन ती चांगल्या पायाला, उजव्या पायाला, इथे तिथे टेकवू लागली. नागूला तिने डोळे मिटायला लावले होते. लागलं की सांगा, असं ती म्हणाली होती. नागू डोळे मिटून वाट बघत होता. ती टेकवत होती, आणि तो वाट बघत होता. सोनाबाई उघड्या डोळ्यांनी ते पाहत राहिली.

"चप्पल पायातून सुटून पडते आणि कळत नाही, असं झालंय का कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नागूने सोनाबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

लेपाचं कमलेशने सांगितलं. डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने समजावून सांगितलं. साखरेने पायाच्या नसा गेल्या होत्या, निदान वर्षभर आधीच. मोहरीतलं जे तिखट असतं ते नसांना डिवचतं, नसा मेंदूला कळवतात, मग आपण म्हणतो झोंबतंय. निरोपाची ती वाटच इथे बंद झाली होती.

"पण आजी, झोंबतं म्हणून भाजत नाही ते. झोंबलं नाही तरी ते कातडीला जाळतच असतं."

बाहेर बाकड्यावर बसून सोनाबाई आपल्या बोटांची टोकं चोळत राहिली. त्या दिवशी वाटून झाल्यावर ही बोटं तिने बादलीत बुडवून धरली होती, एवढी आग होत होती. डोळे तर तासभर लाल होते. मोहरी जिती होती हे तिला पाट्यावरच कळलं होतं. चाळीस वर्षांचं नाक, ते कसं चुकेल? पण मोहरी जिती म्हणायची तर मग दुसरं काहीतरी मेलंय असं म्हणावं लागलं असतं, आणि ते तिला म्हणवत नव्हतं. चप्पल सापडली त्या दिवसापासूनच म्हणवत नव्हतं. मोहरीवर ढकलणं सोपं होतं. मोहरीवरून सुनेवर ढकलणं तर त्याहून सोपं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण वाकडं तर सारवणारी वाईट. मनात एवढं सगळं आलं, पण शेजारी बसलेल्या कमलेशला तिने ते सांगितलं नाही. सांगू, घरी गेल्यावर सांगू, असं करत राहिली.

पाय गुडघ्याखाली चार बोटांवर कापला.

घरी आल्यावर तर सांगायचं आणखीच अवघड झालं. बघायला येणारी माणसं दारातूनच संजनाकडे एक नजर टाकून आत यायची. सोनाबाई त्यांना पाणी द्यायची, आणि ती विचारायची, काय गं झालं हे, तेव्हा तिची जीभ आपोआप त्या जुन्या वाटेला लागायची. पैली मोहरी मेली व्हती. एवढंच म्हणायची, सुनेचं नाव घ्यायची नाही. नाव घ्यायची गरजही उरली नव्हती. वालाचं रान कमलेशने सुट्टी काढून, मजूर लावून कसंबसं उपटलं, आणि पुढच्या वर्षी हे काय माझ्याच्याने व्हायचं नाही, असं नागूच्या देखत बोलून गेला. नागूने मान हलवली. बिडी त्याने सोडली होती. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, असं तो म्हणायचा.

उरलेल्या उजव्या पायाचं मात्र डॉक्टरीणबाईंनी शपथ घातल्यासारखं सांगून ठेवलं होतं. रोज बघायचा, रोज धुवायचा, कोरडा करायचा, अनवाणी टेकायचा नाही. आणि पाणी आधी हाताने बघायचं, मग पायावर घालायचं. त्यांना गरम कळणार नाही, तुम्हाला कळलं पाहिजे. हे पाणी बघायचं काम सोनाबाईने आपल्याकडे घेतलं होतं. संजना पाणी तापवून आणायची, खाली बसायची, टाचेच्या भेगेवरची पट्टी सोडायची, पाय धुवायची. पण घमेल्यात आधी हात घालून "हां, आता घाल" म्हणायची ती सोनाबाईच. तेवढं तिने कुणाला दिलं नव्हतं.

फाल्गुन सरता सरता एका सकाळी वाडीतली जिजा आली. डोक्यावरची लाकडाची मोळी तिने अंगणात टाकली आणि ओट्याच्या पायरीवर बसली. तिच्या नवऱ्याचा, वाघ्याचा, गुडघा धरला होता. उठता येत नव्हतं.

"लेप दे ना लावून," जिजा म्हणाली. "उद्या आनते त्याला."

सोनाबाईने भिंतीकडे पाहिलं. दवाखान्यातून आल्यापासून पाटा भिंतीला उभा करून ठेवला होता. नागू बाजेवर होता, उजवा पाय खाली सोडून. संजना घमेलं घेऊन आली, खाली बसली आणि काम सुरू करायच्या आधी तिने डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या. एरवी ती पदर सावरल्यासारखं काही करून हे आडोशाला करायची. आज जिजा मधे बसल्यामुळे तिला वळायला जागा नव्हती.

मनगटाच्या वर चार बोटांवर डाग होता. रुपयाएवढा, गोल, मध्ये फिक्कट आणि कडेने तांबूस.

सोनाबाईने तो पाहिला. तो कशाचा आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तसाच एक तिच्या मांडीवर पन्नास वर्षं होता. चुलीचा चटका असा गोल उठत नाही, तेलाचा शिंतोडा असा उठत नाही.

"हे कवा?" तिने विचारलं.

संजनाने बांगड्या खाली ओढल्या नाहीत. पट्टीची गाठ सोडत ती म्हणाली,

"त्याच दिवशी. तुम्ही वाटी दिलीत ना परत, त्यातलीच लावून बघितली. मेली म्हणालात म्हणून."

"किती येळ?"

"कुठला वेळ. लावल्या लावल्या आग झाली. तरी ठेवली थोडी, खात्री करायला. मग बाबांना विचारलं, आणि तुमच्याकडे आले होते शेतावर."

आवाजात काही नव्हतं, ना राग ना रडू. गोळ्यांच्या वेळा सांगायची तशीच सांगत होती. सोनाबाईला बांधावरची ती सावली आठवली. पदराखाली धरलेला हात आठवला. दोन वेल पुढे सरकली होती ती. त्या वेळी टोपली टाकून धावत आली असती तर पायाचं काय झालं असतं, कातडी वाचली असती का, नुसता फोड येऊन राहिला असता का, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण दीड तास उन्हं होती हातात. तेवढी नक्की होती.

नागू छपराकडे बघत होता. त्याने ऐकलं होतं.

जिजाला यातलं निम्मंच कळलं असावं. पण बोलावं तर लागतं, म्हणून ती म्हणाली,

"जाऊ दे गं. चूक व्हते. तिनं काय मुद्दाम मारली का मोहरी? लहान हाय."

"नाय जिजा," सोनाबाई म्हणाली.

ती ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. जिजा आज इथून वाडीत जाईल, उद्या बाजारात जाईल, आणि जे इथे ऐकेल ते पोचवील, हे ती जाणून होती. पारूसुद्धा कुडापलीकडे झाडत होती, झाडू थांबला होता.

"मोहरी मेली नव्हती. पैलीबी जिती व्हती न् दुसरीबी जिती व्हती. हिनं चांगली वाटली व्हती. पाय मेला व्हता, आन् मला ते कळलं व्हतं. हिला बोलूच दिलं नाय मी."

कुडापलीकडचा झाडू पुन्हा चालू झाला, जरा जास्तच जोरात. जिजा पायरीवरून उठली, मोळी सरळ करायला लागली, आणि लेपाचं पुन्हा विचारायचं तिने टाळलं.

संजना मान खाली घालून बसली होती. सोनाबाईला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल. दोन महिन्यांचं काहीतरी निघेल, निघायलाच हवं. पण संजनाने फक्त नागूचा पाय हळूच उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला.

"आई, पाणी बघता का?"

सोनाबाई खाली बसली. तिने पदर खोचला, हात घमेल्याच्या काठापर्यंत नेला. रोजच्यासारखा. वाफ तिच्या बोटांना लागत होती. तिथेच तिने हात थांबवला आणि परत मांडीवर ठेवला.

"तूच बघ गं," ती म्हणाली. "तुजा हात खरा हाय."